'एस इन द होल' या जुन्या पिक्चरची कुठली डिस्क घेऊ म्हणतोस?

अरे, आधी प्लेयरचा रीजन बघ (म्हणजे कुठल्या भागातल्या डिस्क तो वाजवतो ते), मग किंमत. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची ब्लू-रे रीजन ए, ब्रिटिश युरेकाची 'मास्टर्स ऑफ सिनेमा' मालिकेतली बी, आणि आपल्याकडचे प्लेयर सी, म्हणजे मल्टी-रीजन नसेल तर दोन्ही कपाटात शोभेला, मी एक अशीच घेऊन बसलोय. चालत असेल तर डोळे झाकून २०१४ची क्रायटेरियन घे, २००७ची नुसती डीव्हीडी नको, त्या गुहेतल्या अंधारात ब्लू-रेचा फरक लगेच कळतो. तिच्यावरची सिनेमा-अभ्यासक नील सिन्यार्डची कॉमेंट्री ऐकच, पण आधी पिक्चर बघ, कर्क डग्लसचा बेरकी पत्रकार कोऱ्या मनाने पाहण्यातच मजा. आणि बाजूला काळे पट्टे आले म्हणून झूम करत बसू नकोस, १९५१चा पिक्चर आहे बाबा, चौकोनीच असतो!