तंबू, स्लीपिंग बॅग आणि सॅकचे माप

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघे मित्र खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर दोन रात्रींच्या मुक्कामासाठी जाणार आहोत. दोघांत मिळून एक तंबू आहे. गुंडाळल्यावर त्याची लांबी 45 सेंटिमीटर, व्यास 16 सेंटिमीटर आणि वजन 2.4 किलो भरते. माझी स्लीपिंग बॅग कृत्रिम तंतूंची असून पिशवीत भरल्यावर ती 38 सेंटिमीटर लांब व 20 सेंटिमीटर व्यासाची होते. एका दुकानदाराने 40 लिटरची सॅक घेऊन स्लीपिंग बॅग खालून बाहेर बांधावी असे सुचवले, तर दुसऱ्याने 65 लिटरच्या खाली पाहूच नका असे सांगितले. माझे वजन 68 किलो आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपण वस्तूंची मापे मोजून पाठवली आहेत, त्यामुळे अंदाजाऐवजी हिशेबानेच उत्तर देता येते. गोल गुंडाळीचे आकारमान काढण्याचे शाळेतले सूत्र येथे उपयोगी पडते. त्यानुसार आपली स्लीपिंग बॅग सुमारे 12 लिटर आणि तंबू सुमारे 9 लिटर जागा घेतो. तंबूच्या काठ्या व खुंट्या वेगळ्या काढल्या, तर उरलेल्या कापडाला साधारण 7 लिटर पुरतात. त्यात 3 लिटर पाणी, शिधा व भांड्यांसाठी 7, गरम कपड्यांसह एकूण कपड्यांसाठी 10 आणि बॅटरी, औषधे यांसारख्या किरकोळ सामानासाठी 4 लिटर धरले, तर बेरीज 43 लिटर होते. सामान कितीही नीट रचले तरी मध्ये फटी राहतातच. त्यांच्यासाठी दहाएक टक्के वाढवले की आकडा 47-48 लिटरवर येतो. म्हणून 50 ते 55 लिटरची सॅक आपल्याला योग्य ठरेल. 65 लिटरच्या सॅकमध्ये उरलेली जागा रिकामी ठेवण्याचा संयम फार थोड्या लोकांत असतो. निघण्याच्या आदल्या रात्री ती ‘असू द्या, लागेल’ म्हणून भरली जाते आणि चढावर त्याची किंमत खांद्यांना मोजावी लागते.

मात्र सॅकवर छापलेला लिटरचा आकडा सर्वत्र एकाच रीतीने काढलेला नसतो. एएसटीएम या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत सॅकमध्ये 20 मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे भरून क्षमता मोजतात, पण सगळेच उत्पादक ती पद्धत पाळत नाहीत. कोणी बाहेरचे खिसे धरतात, कोणी धरत नाहीत. ‘50+10’ असे लिहिले असेल, तर वरचे 10 लिटर हे तोंडाशी असलेली कापडाची गळपट्टी उंचावल्यावर मिळणारे असतात, आणि तेथे सामान भरले की सॅक डोक्यामागे उंच होऊन डुलू लागते. तो वाढीव आकडा हिशेबात धरू नये.

आता खरी अडचण. आपली स्लीपिंग बॅग 38 सेंटिमीटर लांब आहे आणि या क्षमतेच्या बऱ्याच सॅकची आतली रुंदी तळाशी 30 सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे लिटरच्या हिशेबात बसणारी बॅग तळाशी आडवी मात्र बसणार नाही, आणि उभी ठेवली तर दोन्ही बाजूंची जागा वाया जाईल. यावर उपाय सोपा आहे : बॅग तिच्या मूळ पिशवीतून काढून, सॅकच्या तळाशी ठेवलेल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी कोंबावी, म्हणजे ती कोपऱ्यांपर्यंत पसरते. दाबपट्ट्यांची पिशवी घेतल्यास ती 8-9 लिटरपर्यंतही आवळता येते, परंतु असा आवळलेला गठ्ठा दगडासारखा घट्ट होतो आणि त्याच्याभोवतीच्या फटी वाढतात. घरी तर स्लीपिंग बॅग कधीही आवळून ठेवू नये. तंतूंचा फुगीरपणा गेला की ऊबही जाते.

बाहेर बांधण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहितो. आपल्या वाटेवरील तोलारखिंडीच्या वरच्या टप्प्यात रेलिंगच्या आधाराने खडक चढावा लागतो. अशा ठिकाणी मागे लोंबणारे ओझे माणसाला दरीकडे ओढते, खडकाला घासते आणि कारवीत अडकते. शिवाय खुबी फाट्यावर एसटीतून उतरताना ते दारात अडकते ते वेगळेच. स्लीपिंग बॅग ही मुक्कामाची सर्वांत महत्त्वाची कोरडी वस्तू आहे, तिची जागा आतच. बाहेर फक्त दोन वस्तू चालतात : बाजूच्या खिशात उभ्या खोचून पट्टीने आवळलेल्या तंबूच्या काठ्या, आणि कॅरीमॅट, म्हणजे झोपताना खाली अंथरायची हलकी चटई.

तंबूचे कापड तळाशी नव्हे, तर मध्यभागी ठेवावे. पाणी, शिधा आणि स्टोव्ह यांसारख्या जड वस्तू पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीवर असाव्यात. डिसेंबरात गडावर सकाळी तंबू दवाने ओला होतो आणि तो वाळेपर्यंत थांबायला वेळ नसतो, म्हणून परतीच्या दिवशी त्याच्यासाठी एक वेगळी पिशवी लागते. सॅकच्या बाहेर मोठा ताणणारा खिसा असेल, तर ओले वरचे आवरण त्यातच जाते. निवड करताना मी या खिशाला रंगापेक्षा आणि डझनभर लहान चेनपेक्षा पुष्कळ जास्त गुण देतो. सॅकसोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर मात्र विसंबू नये, कारण पाठीकडची बाजू त्यात उघडी राहते आणि पाणी तेथूनच झिरपते.

वजनाचा हिशेबही करू. सॅक 1.8 किलो, स्लीपिंग बॅग 1.6, अर्धा तंबू 1.2, कॅरीमॅट 0.4, पाणी 3, शिधा व भांडी 2.5 आणि बाकीचे सामान 2.5, असे 13 किलो होतात. शरीराच्या वजनाचा पाचवा भाग ही रूढ मर्यादा धरली, तर आपल्यासाठी ती 13.6 किलो येते. एकट्याने पूर्ण तंबू घेतल्यास ती ओलांडली जाते. तेव्हा काठ्या, खुंट्या आणि स्टोव्ह मित्राकडे द्यावेत. इतक्या ओझ्याला आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट आणि जाड कमरपट्टा असलेलीच सॅक हवी.

शक्य असल्यास आपला तंबू आणि स्लीपिंग बॅग दुकानात घेऊन जा, सॅक तेथेच भरा आणि दहा-पंधरा मिनिटे जिना चढून-उतरून पाहा. आधी सर्व पट्टे सैल करावेत, मग कमरपट्टा कमरेच्या हाडावर आवळावा, त्यानंतर खांद्यांचे पट्टे आणि शेवटी छातीचा. बहुतांश भार कमरेवर येऊन खांद्यांवर केवळ तोल राहिला पाहिजे. संकोच करू नये. गिऱ्हाइकाला सॅक भरू न देणाऱ्या दुकानातून ती घेऊ नये, हेच बरे. हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येत असल्यामुळे तंबू लावण्याबाबतचे त्या वेळचे नियमही निघण्यापूर्वी वन विभागाकडून जाणून घ्यावेत.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची असून तिची उंची पाच फूट आणि वजन 42 किलो आहे. तिच्या दादाची 60 लिटरची चांगली सॅक घरात पडून आहे. तीच तिला दिली तर चालेल का?
— एक पालक, सातारा

उत्तर : बहुधा चालणार नाही, आणि त्याचे कारण लिटर नसून पाठीची लांबी हे आहे. मुलीला मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत पाठीवरून टेप लावा. हे अंतर 40 सेंटिमीटरच्या आत भरले आणि सॅकची पाठ 48 सेंटिमीटरची असली, तर कमरपट्टा हाडाखाली घसरेल आणि सगळे ओझे खांद्यांवर येईल. दादाच्या सॅकमध्ये खांद्यांचे पट्टे वर-खाली सरकवण्याची सोय असेल, तर ते सर्वांत खालच्या टप्प्यावर आणून एकदा पाहायला हरकत नाही. अन्यथा मुलींसाठी बनवलेली, आखूड पाठीची आणि जवळ बसणाऱ्या पट्ट्यांची 40 ते 45 लिटरची सॅक घ्यावी.

तिच्या वजनाच्या मानाने 8 किलोच्या वर ओझे देऊ नये. स्लीपिंग बॅग मात्र मोठ्यांच्या बॅगेइतकीच जागा घेते, म्हणून तंबूचा कोणताही भाग तिच्याकडे न देता तो मोठ्यांनी वाटून घ्यावा. मुलगी अजून वाढत असल्याने पाठीचे माप बदलता येणारी सॅक घेणे खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरेल.