आजोबा पलटणीत बॅगपाइप वाजवायचे. चौतिसाव्या वर्षी, कोल्हापुरात राहून मला शिकता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाईप बँडमध्ये होते. घर आवरताना त्यांच्या ट्रंकेत बासरीसारखी एक काळी नळी सापडली आणि त्यांच्या नावानं आता बॅगपाइप शिकायचंय. गाणं-वाजवणं कधी शिकलेला नाही. जमेल का, कुठं शिकायचं आणि वाद्य कोणतं घ्यायचं?

जमेल. वयाचं मनातून काढून टाका. चौतिशीत बोटं जरा उशिरा ऐकतात, एवढंच.

मी कुठल्या अधिकारानं बोलतोय ते सांगतो. आमच्या घरात सनई होती, देवळातली आणि लग्नातली. वडील भरती झाले आणि पलटणीत पाईपवर गेले. मी त्यांच्याकडेच शिकलो, तेही नोकरीला लागल्यावर. मी काही मोठा वादक नाही, पण या वाटेत कुठं खड्डे आहेत ते मला माहीत आहेत.

आधी त्या नळीचं बघू. तिला वर तोंडात धरायचा भाग असेल, मधे दोऱ्यानं गुंडाळलेला सांधा असेल, पुढं सात आणि मागं अंगठ्याचं एक अशी भोकं असतील, तर ती बासरी नव्हे, प्रॅक्टिस चँटर आहे. पायपर रोजचा रियाज त्याच्यावर करतो. तोंडात धरायचा भागच नसेल आणि नळी खाली रुंद होत जात असेल, तर तो खऱ्या पाईपचा चँटर. तो पिशवीला जोडल्याशिवाय उपयोगाचा नाही. तुमच्या वर्णनावरून मला पहिलाच वाटतो. तसं असेल तर शिकायला लागणारी पहिली वस्तू आजोबांनी तुमच्यासाठी ठेवूनच दिलीय. शोकेसमध्ये ठेवू नका. फक्त आतला जुना रीड (फुंकेनं थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) काढून टाका, नळी आतून स्वच्छ करा, नवा प्लॅस्टिकचा रीड बसवा. लाकडाला बारीक चीर गेली असेल तर मात्र ती जपून ठेवा आणि शिकायला दुसरा चँटर घ्या, कारण चिरेतून हवा गेली की सूर हलतो आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय.

अख्खा बॅगपाइप आत्ता विकत घेऊ नका. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण बहुतेक लोक इथंच पैसे घालवतात. ऑनलाइन स्वस्तात जे सेट मिळतात, शिसवीचे, झालरी-गोंडे लावलेले, त्यातले पुष्कळसे भिंतीवर टांगायच्या लायकीचे असतात. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये बॅगपाइप ढिगानं बनतात. मेरठची जली कोठी ही आपल्याकडची बँडच्या वाद्यांची पेठ. तिथून घ्यायचंच असेल तर एखाद्या जाणत्या पायपरला हातात धरून, वाजवून बघू द्या. स्कॉटलंडच्या मॅककॅलमसारख्या कंपन्यांचा प्लॅस्टिकचा साधा चँटर मागवलात तरी पहिलं वर्ष निभतं. आणि मिरजेला चक्कर मारू नका. मिरजेची कीर्ती सतार-तंबोऱ्याची, तिथं पाईपचं काम नाही. (हा सल्ला मला स्वतःला चार जणांनी दिला होता, म्हणून लिहिलं.)

आता वाद्य. बॅगपाइपला सगळे मिळून नऊच सूर. आपल्या भाषेत मंद्रातला कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा. म्हणजे थाट खमाज. त्याचा सा पेटीवर शोधलात तर काळी पाचच्या आसपास, बहुधा किंचित वरच सापडेल. पेटीशी तंतोतंत जुळवायच्या नादाला लागू नका, हे वाद्य स्वतःच्या ड्रोनशी, म्हणजे एकच सूर धरून राहणाऱ्या नळ्यांशी, जुळवायचं असतं. ड्रोन तीन: दोन टेनर आणि खांद्यावरून वर गेलेला लांब बास. तिन्ही अखंड सा धरून असतात. सनईवाल्याला शेजारी सूर धरणारा माणूस लागतो. पायपर तो सूर स्वतःच्या काखेत घेऊन फिरतो.

पण खरा फरक पुढंच आहे. सनईत मला जीभ मारून सूर तोडता येतो, फुंक कमी-जास्त करता येते, भोक अर्धं उघडून मींड काढता येते. पाईपमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. रीड तोंडापासून दूर, पिशवीच्या पलीकडं. आवाज सुरू झाला की थांबत नाही आणि लहान-मोठाही होत नाही. मग एकच सूर दोनदा कसा वाजवायचा? सा-सा म्हणायचं तर दोन्ही सा एकमेकांत मिसळून एकच लांब सा ऐकू येणार. म्हणून मधे एका वरच्या सुराचा निमिषभराचा टिचका मारतात. ती ग्रेस नोट. तर्जनी क्षणभर उचलायची आणि टाकायची, इतकी चटकन की तो सूर म्हणून ऐकूच येऊ नये, नुसता तुटक जाणवावा. त्याच्यावर डबलिंग, ग्रिप, बर्ल असे बोटांचे ठरलेले खेळ रचलेले असतात. नऊ सुरांची धून कोणीही आठवड्यात बसवेल. हे टिचके बसायला महिने जातात, आणि ऐकणाऱ्याला जो बॅगपाइप वाटतो तो या टिचक्यांतच असतो.

बोटांची ठेवणसुद्धा वेगळी. बासरीसारखी एकेक बोट उचलत जायची नाही. म वरून प वर जाताना वरच्या हाताचं एक बोट उचलायचं आणि त्याच क्षणी खालच्या हाताची तीन खाली टाकायची, करंगळी उचलायची. एखादं बोट केसभर उशिरा पडलं की मधे तिसराच सूर चिरकतो. वडिलांनी मला या एका जागेवर किती अडकवून ठेवलं! सोप्यावर पेपर वाचत बसायचे, माझ्याकडं बघायचेही नाहीत, आणि चिरकलं की पेपराआडून नुसतं "हं" यायचं. शेवटी म्हणाले, "चँटर ठेव. लाटणं घेऊन ये." मग लाटण्यावर बोटं. आवाज नाही, फुंक नाही, फक्त म-प, म-प. कान फसवून घेतो, बोटं फसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आई पोळ्यांच्या वेळी लाटणं शोधत बसायची. पण ती जागा मला लाटण्यावरच सापडली. तुम्ही केएमटी बसच्या दांड्यावर करा, पेनावर करा, पण करा. आणि बोटांची टोकं वापरू नका, बोटं सरळ ठेवून पेराच्या गादीनं भोक झाका.

धून कागदावरून शिकायची की कानावरून? दोन्ही, पण आधी तोंडानं म्हणा. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी पाईपची विद्या अक्षरं गाऊन शिकवायचे, प्रत्येक सुराला आणि टिचक्याला ठरलेलं अक्षर, आपल्या तबल्याच्या बोलांची आठवण व्हावी असं. स्काय बेटावरचं मॅकक्रिमन घराणं डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांकडं पिढ्यान्‌पिढ्या पाईप वाजवायचं आणि शिष्यांना असंच तयार करायचं. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवून घेतलं, त्या गावच्या माणसाला घराणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

साधारण सहा महिने ते वर्षभर नुसता चँटर. पाच-सहा धुना न अडखळता वाजायला लागल्या की मग पिशवी. तिथं पुन्हा नवशिके व्हाल, तयारी ठेवा. फुंकायचं, आणि श्वास घेताना काखेनं पिशवी दाबायची. या दोन्हींच्या अदलाबदलीत दाब जराही बदलता कामा नये, नाहीतर सगळे सूर एकदम डुलतात. सुरुवातीला तीनपैकी दोन ड्रोन बुचं लावून बंद करा, एकावरच दाब शिका, मग एकेक उघडा. चँटरचा रीड मऊ मागा. कडक रीडनं आवाज मर्दानी येतो म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकलंत तर पाच मिनिटांत ओठ सुटतील.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. फुंकेची वाफ पिशवीत साठते, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ती वाळत नाही. आत बुरशी धरते आणि तुम्ही तीच हवा छातीत ओढता. 2016 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एका पायपरची केस प्रसिद्ध केली होती. त्याच्या वाद्यात बुरशी सापडली आणि फुफ्फुसाच्या विकारानं तो गेला. घाबरू नका, पण वाजवून झाल्यावर सगळे सांधे सोडवा, नळ्या आतून पुसा, पिशवी उघडी वाळू द्या. ट्रंकेत जुनी चामड्याची पिशवीही सापडली, तर तिला तोंड लावू नका.

रियाजाची जागा हा कोल्हापुरात मोठा प्रश्न नाही, फक्त फ्लॅटमध्ये पाईप काढू नका. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. चँटर घरात चालतो, त्याचा आवाज बेताचा. पाईपसाठी गावाबाहेरचा माळ, शेत, नाहीतर कात्यायनीकडचा डोंगर बघा. कानात बोळे घाला, पायपरला उतारवयात कमी ऐकू येणं हे नवीन नाही. रंकाळ्यावर पहाटे वाजवायचा मोह होईल. फिरायला येणारे पहिल्या दिवशी कौतुक करतील, दुसऱ्या दिवशी तक्रार.

काय वाजवायचं? भूप आणि दुर्गा या वाद्यात आयते बसतात, सगळे सूर आहेत. बागेश्री, मालकंस विसरा, कोमल ग नाही. म ला सा धरलंत तर बिलावल मिळतो आणि ड्रोन पंचमाचा होतो, त्यात कितीतरी मराठी चाली निघतात. पण आधी कूचाच्या दोन-तीन सरळ धुना बसवा. आजोबांनी आयुष्यभर त्याच वाजवल्या असणार.

आता आजोबांबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या स्मृतीसाठी शिकायचंय. मला विचाराल तर श्रद्धांजलीवर दोनेक महिने निघतात, पुढं वाद्यच आवडावं लागतं. म्हणून पुण्यतिथीला वाजवायचा वगैरे मुहूर्त धरू नका. त्यापेक्षा ते नेमकं काय करत होते ते शोधा. घरात त्यांचं डिस्चार्ज बुक असेल. त्यात नंबर, हुद्दा, पलटण, केलेले कोर्स सापडतात. पचमढीचा कोर्स दिसला तर समजा ते लष्कराच्या संगीत शाळेत जाऊन आलेत. पुस्तक नसेल तर बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर-नाव देऊन पत्र टाका. आणि एक बघा: पलटणीतले पाईप-ड्रमवाले लढाईच्या वेळी वाद्य ठेवून स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागं आणतात. आजोबा 65 किंवा 71 च्या युद्धाच्या काळात नोकरीत असतील तर त्यांच्या पलटणीतल्या जोडीदारांना हे जरूर विचारा. माझे वडील धुनांबद्दल तासन्‌तास बोलायचे, याबद्दल कधीच नाही. मला ते त्यांच्या दोस्तांकडून कळलं.

शिकवणारा कोण? पाटी लावलेला क्लास शोधू नका. ग्लासगोचं नॅशनल पायपिंग सेंटर ऑनलाइन शिकवतं, इंग्रजी आणि खर्च परवडत असेल तर चांगलंच आहे. पण आपला जिल्हा फौजींचा. शिरोळात तर सैनिक टाकळी हे गावच आहे. निवृत्त पायपर आहेत, फक्त आता शेती बघतात, कुठं वॉचमन आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, माजी सैनिकांच्या संघटनेत विचारा, टेंबलाईवाडीला टेरिटोरियल आर्मीची मराठा बटालियन आहे, तिकडं ओळख काढा. सगळ्यात लवकर माहिती मिळते ती लष्करी कँटीनच्या रांगेत. "पाईप बँडवालं कोण हाय का हो?" एवढं म्हटलं की रांगेतली चार माणसं पाचव्याचं नाव सांगतात.

असा माणूस सापडला की फोनवर बोलू नका, घरी जा. चँटर आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स बरोबर न्या. तो आधी "कुठली पलटण?" विचारेल, मग चँटर हातात घेईल, आणि बहुतेक तुमच्याआधी तोच वाजवून बघेल. फी विचारलीत तर ओरडेल. महिन्याभरानं काकींच्या हातात द्या. पेन्शनच्या तारखेला तेवढं जाऊ नका, त्या दिवशी कोणी घरात नसतं.