‘मी तर घटनास्थळी नव्हतोच, मग मला का त्रास?’

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे पोलीस मला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून एक अनुभव सांगते.

एका उपनिरीक्षकांना त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाठवलं होतं. मुलांवरच्या अत्याचारांच्या तपासात जप्त मोबाइलमधले व्हिडिओ पाहायचे आणि त्यात काय दिसतं ते लिहून काढायचं, हे त्यांचं काम. घरी त्यांनी स्वतःच्या मुलीला जवळ घेणं सोडलं होतं. झोपेसाठी रोज दारू लागायची.

“मॅडम, दंगलीत दगड खाल्ले, तेव्हा काही झालं नाही. आता खुर्चीत बसून रडू येतं. मी कच्चा पडलो का?”

मुळीच नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तिकेत (२०१३) आघातानंतरच्या तणावविकाराच्या निकषांत हेच लिहिलंय: कामाचा भाग म्हणून भयंकर तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हाही आघात. त्यातलं एक उदाहरण तर पोलिसांचंच आहे. हे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, “हे साहेबांपर्यंत जाईल?”

ही भीती खरी आहे, तिला हसून उडवू नये. मी सांगितलं, इथलं बोलणं इथेच राहतं. जिवाला धोका दिसला तरच मला इतरांना सांगावं लागेल. खात्यानेच समुपदेशनाला पाठवलं असेल, तर अहवालात काय जाणार हे पहिल्याच भेटीत विचारा. तो तुमचा हक्क समजा.

मग मी थेट विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “दोनदा वाटलं,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ड्युटी संपली की पिस्तूल शस्त्रागारात जमा करायचं आणि घरी आणायचं नाही, असं आम्ही पक्कं केलं. पत्नीलाही विश्वासात घेतलं.

दारूने डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. म्हणून आधी डॉक्टरांच्या मदतीने दारू आणि झोप, नंतर आघातावरची उपचारपद्धती, असा क्रम ठेवला. कामातही बदल हवे होते: शक्य तिथे आवाज बंद, चित्र कृष्णधवल, मध्ये सक्तीची विश्रांती आणि घरी निघण्याआधीच्या तासात एकही व्हिडिओ नाही. हे बदल वरिष्ठांनी स्वतःहून करून द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. मागणारा कमकुवत ठरतो, म्हणून कुणी मागतच नाही.

त्यांच्या पत्नीला एकच सांगितलं: काय पाहिलं ते विचारू नका. “आज जड गेलं का?” एवढं विचारा आणि उत्तर आलं नाही तरी जवळ बसा.

दुःस्वप्नं, दचकणं, माणसं टाळणं महिन्याभरानंतरही थांबलं नाही, तर तज्ज्ञाला भेटा. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी भेटा, आणि तोवर माणसाला एकटं सोडू नका.