लिहून काय नोकरी वाचणार आहे का?

नोकरीची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या माणसाला मी लिहायला सुचवलं की हा प्रश्न हमखास येतो. या ताईंनी तो जरा चिडूनच विचारला. (त्यांच्या परवानगीने, तपशील बदलून लिहिते आहे.)

हिंजवडीतली आयटी कंपनी. प्रोजेक्ट संपला, दुसरा मिळेना, ताई बेंचवर, म्हणजे कामाविना बसून. शेजारच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. तरी रोज डबा भरून, आयकार्ड घालून निघायचं. घरी कुणालाच पत्ता नाही. सासूबाईंचं बीपी, मुलीची बारावी, घराचा हप्ता.

नोकरी वाचणार नाही, हे मी सरळ सांगितलं. शिवाय ताई रोज रात्री डायरी लिहीतच होत्या, आणि लिहून झालं की जास्तच बेचैन व्हायच्या. तसं होणं नवीन नाही. 1986 साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी अमेरिकेत काही विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच जास्त उदास वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. ताईंच्या डायरीत घटना नव्हतीच. काय होईल, हप्ता कसा भरू, लोक काय म्हणतील, रोज तेच दळण.

म्हणून त्यांना कोथरूडच्या एका छोट्या लेखनगटात पाठवलं. तिथे वीस मिनिटं लिहायचं, वाटलं तर वाचायचं. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही. कुठलं वाक्य मनात राहिलं, तेवढंच सांगायचं.

ताईंनी वाचलं: "भूक लागत नाही. पण डबा रिकामा घरी न्यायला हवा, म्हणून पोळ्या गेटबाहेरच्या कुत्र्यांना घालते."

एक निवृत्त काका म्हणाले, "ते पोळ्यांचं परत वाचाल?"

परत वाचताना त्यांना रडू आलं. 'होईल सगळं नीट' असं कुणीही म्हटलं नाही. मला याचं फार मोल वाटतं, कारण त्या वाक्यापुढे माणसाला बोलताच येत नाही.

तेच पान त्यांनी नवऱ्याला वाचायला दिलं. त्या झोपत नाहीत हे त्याला दिसत होतं, विचारायचा धीर होत नव्हता. रविवारी दोघं हप्त्यांचा हिशोब घेऊन बसले.

गट शोधताना एकदा नुसतं जाऊन बसा. शुद्धलेखन सुधारणारा, बक्षिसं देणारा गट या कामाचा नाही. आणि जीव नकोसा वाटत असेल तर गटावर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.