वाचकांचे प्रश्न : जुन्या वास्तूंसमोर बसून चित्र काढताना

या अंकात गटाने जाऊन किल्ले, जुनी प्रार्थनास्थळं, कमानी, घाट अशा ठिकाणी स्थळचित्रण करणाऱ्यांचे प्रश्न घेतले आहेत. जिथे माध्यमाचा उल्लेख नाही, तिथे उत्तर जलरंगासाठी आहे असं समजावं.

प्रश्न : आम्ही दहा-बारा जण सुटीच्या दिवशी एखाद्या जुन्या वास्तूपाशी जमतो. आठला पोहोचतो, जागा ठरवण्यात तास जातो, आणि अकरा वाजेपर्यंत उन्हाने सगळं दृश्यच पालटलेलं असतं. निम्म्यांची चित्रं अर्धवट राहतात. वेळ कसा आखावा?

वास्तू शेकडो वर्षं जागची हललेली नसते, पण तिच्यावरचं ऊन थांबत नाही. सूर्य आकाशात तासाला साधारण १५ अंश सरकतो. दोन तासांनी बुरुजाची उजेडातली बाजू सावलीत गेलेली असू शकते. म्हणून एका बैठकीचं चित्र दीड ते दोन तासांत संपायला हवं. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली हाच हिशेब सांगितला होता : एरवी जास्तीत जास्त दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी फक्त अर्धा तास.

पोहोचल्यावर सामान उघडू नका. वही-पेन्सिल घेऊन वीस मिनिटं फिरा आणि आगपेटीपेक्षा जरा मोठ्या चौकटीत तीन आराखडे काढा. प्रत्येकात तीनच टोन : कोरा कागद, मधला करडा, गडद. हात लांब करून पाहिल्यावर जो आराखडा चटकन वाचता येतो, तो घ्या. मग पंधरा-वीस मिनिटं रेखाटन. त्यात सर्वांत आधी सावलीची कड पेन्सिलीने बांधून घ्या आणि समासात वेळ लिहा, उदाहरणार्थ ८.५०. पुढे सावली कुठेही सरकली तरी चित्रात ८.५० च राहणार. अर्धवट चित्रांइतकंच नुकसान इथे होतं : तासाभराने नवी सावली आवडते, ती घातली जाते, आणि चित्रात ऊन दोन बाजूंनी येऊ लागतं.

गटाने परतण्याची वेळ ठरवावी, बसण्याची जागा ठरवू नये. हाकेच्या अंतरावर पांगून बसा. सगळे एका ओळीत बसले की बारा जणांची बारा चित्रं सारखीच होतात. आणि ज्यांचं चित्र दर वेळी अर्धवट राहतं, त्यांनी हात भराभर चालवण्याऐवजी कागद लहान करावा. पाव इम्पीरियल म्हणजे ११ × १५ इंच जमत नसेल, तर त्याच्या निम्मा, साडेसात × ११ इंच घ्या.

प्रश्न : दगडी भिंत रंगवली की सिमेंटची वाटते, आणि सावलीचा भाग चिखलासारखा होतो. काळा रंग वापरणं कधीच सोडलं आहे. चुकतं कुठे?

दगड करडा असतो हे आपल्याला माहीत असतं, आणि ती माहितीच नडते. एका जाड कार्डाला सेंटिमीटरभर भोक पाडा आणि त्यातून आधी भिंतीचा उन्हातला तुकडा पाहा, मग सावलीतला. आजूबाजूचं झाकलं गेल्यामुळे नुसता रंग दिसतो. उन्हातला दगड फिका गेरवा किंवा पिवळसर निघतो. सावलीत मात्र एक रंग नसतोच.

याचं कारण असं की सावलीत थेट ऊन नसलं तरी दोन ठिकाणांहून उजेड येतच असतो : वरून आकाशाचा आणि खालून उन्हात तापलेल्या जमिनीचा. ज्या पृष्ठभागांचं तोंड वर आहे, जसे पायऱ्यांचे माथे किंवा कंगोऱ्याची वरची बाजू, ते सावलीत निळसर होतात. ज्यांचं तोंड खाली आहे, म्हणजे कमानीचा आतला पोटाचा भाग, छज्जाची खालची बाजू, ते जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने उबदार, जवळजवळ नारिंगी दिसतात. उभी भिंत दोघांच्या मधे सापडते : समोर उन्हाळलेली जमीन असेल तर खाली उबदार, वर जाताना थंड. जुन्या वास्तूच्या चित्रात जीव येतो तो या फरकाने. एखाद्या कमानीपुढे बसून पाच मिनिटं फक्त तिचं पोट पाहा, म्हणजे हे डोळ्यांत भरेल.

सावलीच्या रंगाला दोनच गोष्टी पुरतात : अल्ट्रामरिन ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). थंड भागात अल्ट्रामरिन जास्त, उबदार भागात सिएना जास्त. दोन्ही रंग पॅलेटवर पूर्ण घोटून एक करडा बनवू नका. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वरून सुरू करा, खाली उतरताना ब्रशवरचं प्रमाण बदलत या आणि रंगांना ओल्या कागदावरच एकमेकांत मिसळू द्या. उन्हातल्या भागाला यलो ऑकरमध्ये किंचित लाइट रेड, भरपूर पाणी. सावलीचा वॉश घालण्याआधी हा थर पूर्ण वाळलेला हवा.

चिखल बहुतेक वेळा अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पुन्हा ब्रश घातल्याने होतो. खालचा रंग सुटतो, वरचा बसत नाही. कॅडमियमसारखे अपारदर्शक रंग सावलीत घातल्यानेही सावली मरते. तिसरी चूक याच्या उलट टोकाची : परावर्तित उजेड आवडला म्हणून तो इतका उजळ करायचा की तो उन्हाशी स्पर्धा करतो. डोळे किलकिले करून पाहा. सावलीतला सर्वांत उजळ भागही उन्हातल्या भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे.

सिमेंटपणा येतो तो दगड मोजून काढल्यामुळे. दगडाचा खडबडीतपणा दिसतो तिरप्या उजेडात, म्हणजे ऊन जिथे सावलीकडे वळतं त्या पट्ट्यात. तिथे आठ-दहा दगड नीट काढा, ब्रश टिपून जवळजवळ कोरडा करा आणि आडवा धरून खरखरीत कागदावरून ओढा. भर उन्हात आणि गडद सावलीत भिंत मोकळी सोडा. सांध्यांच्या सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या आणि सारख्या गडद आल्या, की तटबंदीची फरशी होते.

प्रश्न : ओळीने दूर जाणाऱ्या कमानी काढताना त्या कधी पडल्यासारख्या तर कधी चेपल्यासारख्या येतात. मापपट्टी न वापरता काही युक्ती आहे का?

आधी डोळ्यांची पातळी शोधा. ड्रॉइंग बोर्ड आडवा, डोळ्यांसमोर धरा आणि वर-खाली करा. बोर्डाची वरची बाजूही दिसत नाही आणि खालचीही, नुसती कड दिसते, ती तुमची क्षितिजरेषा. ती भिंतीवर कुठे येते ते पाहून कागदाच्या समासात खूण करा. दूर जाताना तिच्या वरच्या सगळ्या आडव्या रेषा खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि एका भिंतीतल्या रेषा एकाच व्हॅनिशिंग पॉइंटला मिळतात. हा बिंदू पुष्कळदा कागदाबाहेर जातो. म्हणून कागद मोठ्या बोर्डावर लावून बिंदू बोर्डावर घ्यावा.

कमानी लगेच काढू नका. आधी पूर्ण ओळीची वरची आणि पायाची रेषा घ्या, मग पहिले दोन खांब उभे करा. दुसऱ्या खांबाच्या उंचीचा मध्य काढा. पहिल्या खांबाच्या माथ्यापासून त्या मध्यातून जाणारी तिरपी रेषा पायाच्या रेषेला जिथे मिळेल, तिथे तिसरा खांब. हेच पुढे करत जा. अंतरं आपोआप बरोबर आखडत जातात.

आता प्रत्येक चौकटीचे कर्ण काढा. ते छेदतात तिथून वर जाणाऱ्या उभ्या रेषेवर कमानीचा माथा. हा माथा चौकटीच्या दिसणाऱ्या मध्यावर नसतो, किंचित पलीकडे असतो, त्यामुळे कमानीचा जवळचा अर्धा भाग रुंद आणि लांबचा अरुंद दिसतो. 'पडलेल्या' कमानींत नेमका हा माथा दिसणाऱ्या मध्यावर धरलेला असतो. भिंतीची जाडी कमानीच्या दूरच्या कडेलाच दिसते, ती जवळच्या कडेला काढू नये.

आणि एक : बसून रेखाटन केलंत तर बसूनच रंगवा. उठून उभं राहिलं की डोळ्यांची पातळी फूट-दीड फुटाने बदलते आणि सगळ्या रेषा खोट्या ठरतात.

प्रश्न : जागेवर छान दिसणारं चित्र घरी आणल्यावर काळवंडलेलं वाटतं.

कागदावर थेट ऊन होतं. उन्हात प्रत्येक रंग उजळ दिसतो, पांढऱ्या कागदाने डोळे दिपतात, आणि आपण नकळत गडद मिसळतो. दाट सावलीत बसलं तर उलट होतं, चित्र घरी फिकट वाटतं. कागद आणि पॅलेट दोन्ही एकाच, मोकळ्या उजेडाच्या सावलीत ठेवा. छत्री पांढरी, करडी किंवा काळी असावी. लाल-निळ्या छत्रीखाली कागदावर तोच रंग उतरतो. कॅनव्हासवर काम करणाऱ्यांनी मागे पुठ्ठा लावावा, नाहीतर मागून पडलेलं ऊन कापडातून झिरपतं.

प्रश्न : परवानगी घ्यावी लागते का? आणि वास्तूला इजा होऊ नये म्हणून काय पाळावं?

संरक्षित वास्तू असेल तर तिच्या व्यवस्थापनाकडे आधी लेखी विचारा. हातात वही घेऊन रेखाटन करायला सहसा कोणी अडवत नाही, पण तिपाई किंवा इझल आलं की अनेक ठिकाणी वेगळा नियम लागतो. अर्जात तारीख, वेळ, माणसं किती, माध्यम कोणतं, इझल किती, आणि रंगाचं पाणी परत नेणार असल्याचं स्पष्ट लिहा. तैलरंगाचा गट असेल तर टर्पेंटाइनचा उल्लेख टाळू नका. ते ज्वालाग्राही आहे आणि बंदिस्त दालनात त्याला नकार मिळणं रास्त आहे.

पाण्याबाबत मात्र आम्ही आग्रही आहोत. माणशी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात, एक धुण्याला, एक स्वच्छ. घाण पाणी झाकणबंद डब्यात परत न्या. जुना दगड आणि चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. त्यात रंगीत पाणी मुरलं की डाग निघत नाही, आणि अॅक्रिलिकचं पाणी तर वाळल्यावर प्लास्टिकचा पापुद्रा सोडतं. इझलच्या टोकदार पायांना रबरी टोप्या घाला. कोरीव कामाला टेकून बोर्ड ठेवू नका, भिंतीला टेप लावू नका, कोळशाची पूड कट्ट्यावर झटकू नका. जिने आणि दारं मोकळी ठेवा.

प्रश्न : कोरड्या वाऱ्यात वॉश मधेच वाळतो, दमट हवेत वाळतच नाही.

वाऱ्यात ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद आधी मागूनही ओला करून बोर्डावर चिकटवा, मोठा ब्रश घ्या, रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून ठेवा. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर वाळणं लांबतं. जास्त घातलं तर कागद चिकट राहतो. दमट हवेत उलट : पाणी कमी, थर कमी. आधीच्या वॉशची चमक गेलेली पण ओल राहिलेली असताना पाणीदार ब्रश टेकवू नका, फुलकोबीसारखे डाग उठतात. जोराच्या वाऱ्यात इझलला मधोमध पिशवीचं वजन टांगा आणि छत्री इझलला बांधू नका. ती शीड होऊन सगळंच घेऊन जाते.

प्रश्न : उरलेलं चित्र घरी फोटोवरून पूर्ण केलं तर ते स्थळचित्र म्हणावं का?

म्हणावं. फ्रेंच चित्रकार मोनेने फ्रान्समधल्या रूआँ शहराच्या कॅथीड्रलची तिसाहून जास्त चित्रं १८९२ आणि १८९३ मध्ये समोर बसून काढली. ऊन बदललं की तो कॅनव्हास बदलत असे. पण ती पुरी केली जिव्हेर्नी या गावातल्या आपल्या स्टुडिओत, आणि त्यांवर १८९४ साल घातलं. दुसरा मार्ग कोरो या फ्रेंच चित्रकाराचा. मार्च १८२६ मध्ये रोमच्या फार्नेसे बागेतून त्याने तीन दृश्यं घेतली, सकाळचं, दुपारचं आणि संध्याकाळचं, आणि प्रत्येकासाठी त्याच वेळेला पुन्हा येऊन बसत असे. जागा जवळ असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

फोटोवर रंगासाठी विसंबू नका. मोबाइल एकतर सावली काळी करतो, नाहीतर सगळं उजळून ऊन-सावलीतला फरकच पुसतो, आणि रुंद लेन्समुळे मनोरे आत झुकतात. फोटो तपशिलासाठी ठेवा. रंगासाठी रेखाटनाशेजारी शब्दांत नोंद करा : 'कमानीचं पोट उबदार, पायऱ्या निळ्या, आकाशापेक्षा भिंत उजळ'.

प्रश्न : शेवटी सगळे चित्रं मांडतात तेव्हा जाणकार बोलतात आणि नवशिके गप्प होतात.

सगळी चित्रं एकाच सावलीत, जमिनीवर न ठेवता डोळ्यांच्या उंचीला, सहा-सात फुटांवरून पाहा. आधी चित्रकाराने एकाच वाक्यात सांगायचं, की मला काय पकडायचं होतं. इतरांनी तेवढ्यावरच बोलायचं : ते दिसतंय का, आणि कशामुळे अडतंय. नवशिक्यांची चित्रं आधी घ्या, माणशी तीन मिनिटं. दुसऱ्याच्या कागदावर ब्रश लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखवा.

प्रश्न : तैलरंगातली ओली चित्रं आणि चिंध्या परत कशा न्यायच्या?

सारख्या मापाचे दोन कॅनव्हास तोंडाला तोंड करून, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवून बांधा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा पिशवीत कोंबू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. वाटेत त्या पाण्याने भिजवून घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा आणि घरी पोहोचल्यावर बाहेर, एकेक पसरून वाळवा.