जुना मोबाइल काचेला चिकटवला, आता पुढं?

गाडीत डॅशकॅमऐवजी, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याऐवजी, मोबाइलच लावण्याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आलेत. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझ्याही कानावर दिवसभर हेच पडतं. त्यातले काही प्रश्न आज घेतो.

घरात जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. तोच लावला तर डॅशकॅमचा खर्च वाचेल काय? (राजारामपुरी)

वाचेल. फक्त तो फोन त्याच कामाचा ठेवा. रोजच्या फोनवर कॉल आला की बऱ्याचदा रेकॉर्डिंग थांबतं, आणि कॉल नेमका नको त्या वेळी येतो. जुन्या फोनमधलं सिम काढा, नको ती अ‍ॅप उडवा, फ्लाइट मोड लावा. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालतं.

फोनच्या साध्या कॅमेरा अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. फुल एचडी व्हिडिओला जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये मिनिटाला साधारण १३० एमबी लागतात, म्हणजे तासाला पावणेआठ जीबी. कोल्हापूरहून पुणं गाठायच्या आत फोन भरून जाईल. लूप रेकॉर्डिंग करणारं अ‍ॅप घ्या. ते छोटे तुकडे करतं आणि जागा संपली की सगळ्यात जुना पुसून नवा लिहितं. दुसरा फायदा म्हणजे, धक्क्यानं फोन बंद पडला तर तासाभराची सलग फाइल अर्धवट राहते आणि पुष्कळदा उघडतच नाही. तुकडे असले तर शेवटचा एकच जातो. आता आपल्याला नेमका तोच हवा असतो, म्हणून मी एकेका मिनिटाचे तुकडे ठेवतो.

आणि घड्याळ बघत जा. सिम नसलेल्या फोनची वेळ हळूहळू सरकते, बॅटरी पूर्ण उतरली तर तारीखही भलतीच येऊ शकते. आठवड्यातून एकदा घरच्या वायफायला जोडून वेळ जुळवून घ्या.

दुपारभर गाडी उन्हात होती. आता फोनचं मागचं झाकण उचललंय, पण फोन चालतोय. वापरू का? (गांधीनगर)

नको. बॅटरी फुगलीय. चार्जिंग आजच बंद करा. झाकण दाबून बसवायला जाऊ नका, टोचून हवा काढायचा उद्योग तर अजिबात नको. घंटागाडीतही टाकू नका, सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

माझ्यावरही ही वेळ आलीय. जोतिबाला चैत्रात डोंगरावर उन्हात गाडी लावली, चार तासांनी गुलालानं माखून परत आलो, तर स्क्रीन एका कडेनं नख जाईल इतकी वर आलेली. चार्जिंग शंभर टक्के आणि वर ऊन, या दोन्हींनी मिळून घात केला. लिथियम बॅटरी भरगच्च भरलेली असताना तापली की आतला द्राव विघटित होऊन वायू धरतो. ॲपल आपले फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचं आणि नुसते ठेवायला ४५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतं. एप्रिलात बंद गाडीचा डॅशबोर्ड याच्या कितीतरी पुढं जातो. अनेक डॅशकॅममध्ये बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा कपॅसिटर घालतात तो याचसाठी.

म्हणून उतरताना फोन काढून खिशात. गाडी उभी असताना पहारा करायचं काम फोनचं नव्हे. चालत्या गाडीत कव्हर काढून ठेवा, स्क्रीन मंद करा, एसीची हवा काचेकडं सोडा. फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा.

रात्री समोरच्या गाडीचा नंबर एकदाही वाचता येत नाही. (कागल)

येणारच नाही. अंधारात फोन प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त उजेड घेतो, सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत. तुम्ही ताशी ६०नं जाताय आणि समोरचाही ६०नं येतोय, तर तेवढ्या वेळात दोघांमधलं अंतर एक मीटरहून जास्त कमी होतं. अक्षरं फराटली जाणारच. पुढं चाललेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथं आपलाच हेडलाइट चकाकणाऱ्या प्लेटवर आपटून नंबर पांढरा फटक दिसतो. अ‍ॅपमध्ये एक्स्पोजर, म्हणजे उजेड घेण्याचं प्रमाण, एक-दोन पायऱ्या खाली आणा आणि फोकस लांबवर लॉक करा, नाहीतर पावसात कॅमेरा काचेवरचे थेंबच न्याहाळत बसतो. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारलं असेल तर त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं. त्यावर काळं, बिनचमकीचं कापड अंथरा.

एवढं करूनही नंबर नाही आला तर मोठ्यानं वाचा! माइक चालू असेल तर तो रेकॉर्ड होतो. अर्थात घरातलं भांडणही होतं, ते तुम्ही बघा. उसाच्या हंगामात मागं दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांपुढं मात्र कुठलाच कॅमेरा कामाचा नाही, तिथं अंतरच ठेवावं लागतं.

करूळ घाटात होल्डर दर वळणाला सुटतो. (गगनबावडा)

काच आतून ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करा, मग दाबा. जागा आरशाच्या मागं डावीकडं, वायपर फिरतो त्या भागात, आणि तुमची नजर अडणार नाही अशी. एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नका. रेकॉर्डिंग चालू-बंद गाडी थांबवूनच करा. गाडी चालवताना हातात फोन घेतला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं.

बुलेटच्या हँडलला लावू का? (शाहूपुरी)

चांगला फोन तरी नको. जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या थरथरीनं कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवणारी सोय) आणि फोकस बिघडू शकतं, असं ॲपलनंच २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय.

कावळा नाक्यावर एकानं ठोकलं. क्लिप भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पुरावा म्हणून चालेल का? (उचगाव)

भावाकडं गेलेली ती दाबून छोटी झालेली प्रत. मूळ फाइल फोनमध्ये आहे का, ते आधी बघा. रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं असेल तर लूप तिच्यावर फिरेल, म्हणून आधी अ‍ॅप बंद करा आणि क्लिप लॉक करा. मग केबलनं संगणकावर आणि पेनड्राइव्हवर प्रत काढा. कापाकापी नको, गाणं नको, नाव बदलणंही नको.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणं अशा प्रतीबरोबर दोन भागांचा दाखला लागतो. एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश लिहितात. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, एक फ्रेम कमी झाली तरी तो बदलतो. जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाबद्दल जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की मालकानं स्वतः साक्ष देऊन मूळ उपकरणच हजर केलं तर दाखल्याची गरज नाही. तेव्हा प्रकरण मिटेपर्यंत फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. पुढचं वकिलांना विचारा.

आणि पोलिसांकडं जाण्याआधी क्लिप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः बघा. कोपऱ्यात तुमच्या गाडीचाही वेग छापलेला असतो.