तिसऱ्या दिवशी उकरू नका

या वेळच्या टपालात घेवड्याची पत्रं इतकी आली की टोमॅटोवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : घेवड्याचं बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरलं. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घातलं. २० पैकी तीनच उगवली. पाचव्या दिवशी उकरून पाहिलं तर बाकीच्यांचा लगदा झालेला, वासही येत होता. बी खराब निघालं का?

बियावर आळ घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या. त्याच पुडीतले १० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा, फडकं वाळू देऊ नका. आठवड्यात आठ-नऊ दाण्यांना मोड आले तर बी निर्दोष आहे. माझा अंदाज विचाराल तर ते निर्दोषच निघेल.

घात केला तो भिजवण्याने आणि पाण्याने. घेवड्याचा दाणा खडखडीत वाळलेला असतो. तो पाण्यात टाकला की पाणी आत धावतं, बाहेरचा भाग आधी फुगतो, आतला मागे राहतो, आणि त्या ओढाताणीत डाळिंबीच्या, म्हणजे दाण्याच्या जाड अर्ध्या फाकेच्या, पेशी फाटतात. फाटलेल्या पेशींतून साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरशीला आयतं जेवण मिळतं. पाणी जितकं थंड, तितकी ही मोडतोड जास्त. पांढऱ्या सालीचे दाणे रंगीत दाण्यांपेक्षा भराभर पाणी पितात, त्यामुळे कुजण्यातही तेच पुढे. वर तुम्ही दोन वेळा पाणी घालत होतात. रुजणाऱ्या बियाला श्वासही घ्यावा लागतो हो! चिखलात तो कुठून मिळणार?

भिजवूच नका. वाफ्याला आदल्या दिवशी पोटभर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी माती हातात धरल्यावर ओलसर लागेल, पण चिकटणार नाही, तेव्हा तीन-चार सेंटिमीटर खोल एकेक दाणा टोबा, माती सारखी करा आणि तळहाताने हलकं दाबा. मग कोंब वर दिसेपर्यंत पाणी नाही. माती रेताड असेल आणि वरून बोटाच्या दोन पेरांएवढी कोरडी पडली तरच झारीने थोडं शिंपडा.

दुसरी गोष्ट उबेची. माती १२ अंश सेल्सिअसपेक्षा गार असेल तर दाणा नुसता पडून राहतो आणि कुजतो. १५ अंशांना उगवायला दोन आठवडेही लागतात. २५ च्या आसपास साधारण आठवड्याभरात मान वर येते. पेरायची घाई वाटली तर सकाळी थर्मामीटर पाच सेंटिमीटर मातीत खुपसून बघा, कॅलेंडरपेक्षा तो खरं सांगतो.

आता माझी कबुली. पहिल्या वर्षी मी ४० दाणे पेरले आणि तिसऱ्या दिवसापासून रोज खुरपीने उकरून बघत होते, जिवंत आहेत का म्हणून. दाण्याच्या डोळ्याजवळून आधी मूळ निघतं, पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. त्याचा शेंडा बोट लागलं तरी तुटतो. ४० पैकी ११ उगवले, आणि वाफ्याच्या ज्या कोपऱ्यात उकरायचा मला कंटाळा आला होता तिथेच त्यातले नऊ होते.

प्रश्न : माझी रोपं उगवली, पण बिनपानांची! दोन जाड डाळिंब्या आणि मधे नुसतं थुटुक. ही पुढे वाढतील का?

नाही. क्वचित डाळिंबीच्या बगलेतून बारीकसा फुटवा येतो, पण असं रोप कायम मागेच राहतं. मी त्यांना टकली रोपं म्हणते आणि उपटून त्या जागी नवा दाणा लावते.

असं का होतं, ते समजायचं तर घेवडा उगवताना एकदा गुडघे टेकून बघा. आधी मातीला तडा जातो. मग त्यातून वाकलेली मान निघते, कानातल्या बाळीसारखी, दोन्ही टोकं अजून मातीत. मान ताठ व्हायला लागली की मागून डाळिंब्या ओढल्या जातात आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या मधून पहिली दोन पानं उघडतात. वाटाणा शहाणा, तो डाळिंब्या मातीतच ठेवतो आणि फक्त कोंब वर पाठवतो. घेवडा सगळा संसार डोक्यावर घेऊन निघतो. वर मातीचा पोपडा कडक झाला असेल तर या ओढाताणीत मान मोडते किंवा मधला शेंडा तुटून आत राहतो. बियाला पोखरणारी माशीची अळीसुद्धा हेच करते.

तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. फार वाळलेला दाणा उंचावरून कडक जागी पडला की आतला कोंब तडकतो, वरून काही दिसत नाही. माझी बियाण्याची बरणी एकदा फळीवरून फरशीवर आली. दाणे गोळा करून पेरले, उगवण छान झाली आणि वाफाभर टकली रोपं! तेव्हापासून बरणी खालच्या खणात असते.

पोपडा धरणारी माती असेल तर टोबलेल्या दाण्यावर ती परत लोटू नका, चाळलेलं कंपोस्ट घाला. तेवढ्याने काम होतं.

प्रश्न : ट्रेमध्ये रोपं करून मग लावली तर चालतील का?

चालतील, पण घेवड्याला मुळं हलवलेली आवडत नाहीत. कागदाच्या कपात एकेक दाणा लावा, खरी पानं दिसली की कपासकट लावा, तळ तेवढा फाडा. माती उबदार असेल तर हा उपद्व्याप कशाला?

प्रश्न : वेल दोन मीटर चढला, पानं काळीभोर, पण फुलं मोजकी आणि तीही गळतात. खत दर आठवड्याला देतो. ब्रशने परागीकरणही करून पाहिलं. अजून काय करू?

कमी करा. खतही आणि ब्रशही.

घेवड्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात. तुम्ही वरून नायट्रोजन ओतलात की झाड या जिवाणूंना थारा देत नाही आणि मिळालेलं सगळं पानांत घालतं. वाफा करताना कुजलेलं खत मिसळलंत ना, पुरे झालं. चार-पाच आठवड्यांचं एखादं रोप मातीसकट अलगद काढा, मुळं पाण्यात धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-तांबूस दिसलं तर कारखाना चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर बंद. तुमच्याकडे बहुधा बंद असेल, किंवा गाठीच नसतील.

फुलगळीला उष्णताही कारण असते. दुपारचा पारा ३२-३५ अंशांवर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की घेवडा फुलं टाकून देतो. त्यावर औषध नाही, ऊन उतरलं की पुढची फुलं टिकतात. मात्र फुलोऱ्यात मुळाशी ओल तुटू देऊ नका, सुक्या पाल्याचं आच्छादन घाला. आणि ब्रशचं म्हणाल, तर घेवड्याचं परागीकरण बहुतेक वेळा फूल उमलण्याआधीच आतल्या आत उरकलेलं असतं. तुम्ही लग्न लागल्यावर अक्षता घेऊन पोचताय.

प्रश्न : मी सातवीत आहे. घेवड्याचा वेल काठीवरून सोडवून मी उलटा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी तो सुटून लोंबत होता. त्याला कसं कळतं?

शाबास! असे प्रयोग करणारी माणसं मला फार आवडतात. वेलाचा शेंडा हवेत सतत गोल फिरत असतो. वरून पाहिलंस तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. उबदार दिवशी एक फेरी साधारण दोन तासांत होते. फिरता फिरता काठी लागली की त्याच दिशेने तो तिला वेढे देतो. ही दिशा त्याच्या अंगातच असते, सूर्य कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही, म्हणून पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत घेवडा एकाच बाजूला वळतो. सुटीच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी शेंड्याची जागा खाली कागदावर ठिपक्याने मांड.

प्रश्न : घरचं बी वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं. तीन महिन्यांनी बघतो तर दाण्यादाण्याला भोक आणि तळाशी भुंगे. झाकण घट्ट असताना ते शिरले कुठून?

शिरले नाहीत, तुम्हीच त्यांना आत ठेवलंत. मादी वाळत्या शेंगेतच अंडी घालते, अळी दाण्यात शिरते, आणि तुम्ही बरणी भरता तेव्हा बाहेरून दाणा अगदी साजूक दिसतो.

शेंगा वेलावरच वाळून कागदासारख्या वाजू द्या. सोललेले दाणे सावलीत पसरा. दाण्यावर नख उमटत नाही आणि हातोडी मारल्यावर तो चेपत नाही, फुटतो, इतका वाळला की बरणीत भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. ओलसर दाणा मात्र ठेवू नका, गोठून मरेल. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. खोलीइतकी कोमट होऊ द्या.

आणि बियासाठी शेवटी उरलेल्या वाकड्या शेंगा ठेवू नका. सुरुवातीलाच दोन निरोगी वेल निवडून त्यांना दोरा बांधा, त्यांची एकही शेंग स्वयंपाकघरात जाता कामा नये. बरणीवर वर्ष लिहा. बी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं. माझ्याकडे वर्ष न लिहिलेल्या दोन बरण्या आहेत, त्यांतले दहा-दहा दाणे सध्या ओल्या फडक्यात आहेत.